बोराटीची फांदी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, पास्टरांना नाही. प्रार्थनेत सांगितली म्हणावं, तर तिथंही मी कडेकडेनं फिरून ‘आमेन’पर्यंत पोचत आले. तीन वर्षं.

तुम्ही मला ओळखत असाल ते माझ्या पत्रकांमुळे. रविवारी टाळ्या वाजवून सोमवारी मापात मारणाऱ्यांवर मी किती जाळ काढलाय! तो जाळ खोटा नव्हता — आजही नाही. पण तो काढणारा हात कुणाचा होता, हे तुम्हाला कळायला हवं.

आमचे बाबा सायकलला कापडी पिशवी अडकवून गंगाखेडच्या बाजारात येशूच्या वचनांची पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. छापलेला शब्द खराच असला पाहिजे, असं मी तेव्हापासून धरून चाललेय. मग मी काय केलं?

थांबा. आधी सुगंधामावशींबद्दल सांगते.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान, राणीसावरगावच्या अलीकडच्या एका गावातली. वर्षाच्या सुरुवातीला घरोघरी बायबलच्या रोजच्या वाचनाचा तक्ता मिळतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना एकेक वाचणारं माणूस नेमून दिलं जातं. माझ्या वाट्याला मावशी आल्या. एकट्या राहणाऱ्या, सात शेळ्या राखणाऱ्या, आणि प्रार्थनाघराची किल्ली बावीस वर्षं कमरेला बाळगणाऱ्या. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी स्कूटी त्यांच्या अंगणात लावायची आणि त्या दिवसाचा अध्याय वाचायची. वाचून झालं की मी अर्थ सांगायला लागायची — संदर्भ, त्या काळच्या चालीरीती, सगळं. मावशी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “ते समदं कळलं गं बाई. पण आज काय करायचं?”

रोज हाच प्रश्न. खरं माप ठेवा असं एकदा वाचनात आलं. मावशींनी उठून दुधाचं मापटं उजेडात धरलं. बुडाला पोचा होता. इतकी वर्षं त्यांच्या ध्यानात आला नव्हता. संध्याकाळच्या आत नवं मापटं आलं, आणि दूध नेणाऱ्या प्रत्येक घरी जाऊन त्या सांगून आल्या की जुन्यात दूध कमी बसत होतं. वचन असं जगणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. मी तर त्या अध्यायावर नुसतं पत्रक लिहिलं होतं.

आता ती सकाळ.

हरभरा घाट्यावर आला होता. मावशी नळाला पाणी भरायला गेल्या होत्या आणि मला परभणीची बस गाठायची होती. स्कूटी वळवायला जागा पुरेना. शेळ्यांच्या कुंपणाच्या तोंडाशी बोराटीची काटेरी फांदी लावलेली होती. चाक पंक्चर होईल म्हणून मी ती ओढून बाजूला केली, स्कूटी वळवली — आणि गेले. फांदी परत लावली नाही.

संध्याकाळी आले तर शेजारच्या रानातले दत्तूआबा बांधावर उभे. सातही शेळ्यांनी त्यांचा हरभऱ्याचा एक पट्टा बुडख्यापर्यंत खाल्ला होता. मावशी जमिनीकडे बघत उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “बोराटी म्या लावलीच न्हवती का गं? तू व्हतीस की सकाळी.”

सांगायला काय लागत होतं? एक वाक्य. आबा काय मला मारणार होते? पण पत्रकं लिहिणारी पोरगी — तिची चूक, चार माणसांसमोर! मी म्हणाले, “विसरला असाल, मावशी.”

इतकंच.

“तीस वर्सांत माझ्या शेळीनं कुणाच्या रानात तोंड घातलं न्हवतं,” त्या म्हणाल्या. आबांना नव्हे, स्वतःलाच.

दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात निर्गमाचा अध्याय होता. ज्याचं जनावर दुसऱ्याचं रान खाईल, त्यानं आपल्याकडच्या उत्तमातून भरून द्यावं — ती ओळ येताना मला लांबूनच दिसली. गाळू का? पण ओळी गाळणाऱ्यांना मीच नावं ठेवलेली. वाचली. मावशींनी त्या दिवशी प्रश्न विचारलाच नाही. उठल्या आणि चांदीचं दावं सोडलं. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली, दरवेळी दोन पिल्लं देणारी, कळपातली सगळ्यात चांगली शेळी.

आबा घेईनात. “अगं सुगंधे, खुळी का काय तू? तुज्या पुस्तकात शेळ्यांचा बी कायदा हाय व्हय?”

“हाय. चांगल्यातली द्यायची. ती लंगडी दिली असती तर तुमी लगेच घेतली असती, मला ठावं हाय.”

आबा हसले, पण मावशी हलल्या नाहीत. शेवटी आबांनी दावं हातात घेतलं.

आणि मी? मी त्यावर पत्रक लिहिलं. माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पत्रक तेच. मावशींच्या प्रामाणिकपणाचा शब्दन् शब्द खरा होता. फक्त ‘शेळ्या चुकून सुटल्या’ एवढं एक वाक्य मी माझ्यासाठी घातलं. जिंतूरहून, चारठाण्याहून लोकांचे फोन आले. मी ‘प्रभूची कृपा’ म्हणत राहिले.

शेळी गेली याचं मावशींनी कधी दुःख केलं नाही. माझ्यामुळे त्यांचं गेलं ते वेगळंच. त्या आता वाचन चालू असतानाही मधेच उठून बोराटी लावलीय का बघतात. येऊन बसतात, पुन्हा उठतात. त्याच वर्षी नाताळच्या आधी त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. “मला ध्यान राहीना झालंय. देवाचं घर एक दिवस उघडं राहायचं. तू पक्की हायस.”

मी ती घेतली. — घेतली, बघा.

मावशी काही विसरल्या नव्हत्या. तेव्हाही नाही, आजही नाही. स्वतःवरचा त्यांचा भरवसा मी तीन शब्दांत मोडला, आणि त्यावर उभी राहून तुम्हाला खरेपणा शिकवत आले. घाई होती, वय लहान होतं — असलं काही मी इथं लिहिणार नाही.

हे छापायला जाण्याआधी, उद्या सकाळी, तक्त्यातला अध्याय संपल्यावर मी हा कागद त्यांना वाचून दाखवणार आहे. एकही ओळ गाळणार नाही. मग किल्ली त्यांच्यासमोर ठेवीन. त्या ती उचलतील की नाही, हे त्यांचं.

आणि उद्या त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही, तरी मी तिथंच बसलेली असेन.