मदर पेटीफोर्ड

मिस वर्नेल आमच्या विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसत. घरातलं माणूस गेलं की लोक त्यांच्यापुढे येऊन उभे राहत, आणि त्या म्हणत, “रड बाई, आधी रड. सही मागाहून.” ऐकून ऐकून त्यांचा आवाजसुद्धा दमला होता.

अमेरिकेतल्या डरहॅम गावच्या आमच्या काळ्या माणसांनी उभी केलेली ही कंपनी. भिंतींवरची चित्रंही आमच्याच चित्रकारांची. मिस वर्नेलच्या खुर्चीमागच्या चित्रात एक म्हातारी असे. पांढरा झगा, पांढरी टोपी, हात मांडीवर.

अटलांटाच्या मोठ्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं आणि चित्रं निवडायला क्विंटन बॉडी आला. पोरगा आमच्यातलाच, पण चर्चची पायरी चढणार ती लग्नापुरती. त्याचा नियम सोपा होता: ज्यात गावचं ओळखीचं माणूस, ते चित्र इथल्या कॉलेजला. बाकीची लिलावात.

म्हातारीपुढे तो थबकला. “खाली नुसतं ‘मदर’ लिहिलंय. मग मूल कुठाय?”

“कसलं मूल? तिला मूलबाळ नव्हतंच,” मिस वर्नेल म्हणाल्या.

“मग आई कशी?”

“अरे देवा! तुझ्या आजीनं तुला वाढवलं की नुसतं खायला घातलं? पांढरे कपडे घालून पहिल्या बाकावर बसते ती मदर. अख्ख्या चर्चची. ही मदर पेटीफोर्ड. हिनं मला प्रार्थना शिकवली, आणि प्रार्थनेत च्युइंगम चघळलं म्हणून चिमटाही काढला.”

शेजारच्या टेबलावर मला हसू फुटलं.

“तू हसू नकोस. त्या आखूड स्कर्टपायी तिनं तुला दोन चिमटे काढले असते.”

क्विंटन ओशाळला. “चुकलो, मॅम. लिहून घेतो.”

“म्हणजे राहते ना ती इथं?”

“राहते.”

पुढच्या आठवड्यात तो परत आला, तो बुटांकडे बघतच. “मॅम, अटलांटाच्या साहेबांना तुमची हकिगत फार आवडली. ते म्हणतात, ही आपल्या दर्शनी भिंतीवरच हवी.”

“मी बोलले नसते तर?”

“लिलावात गेली असती.”

“आणि बोलले म्हणून अटलांटाला.” मिस वर्नेल खुर्चीत टेकल्या. “भांडायचं त्राण नाही रे आता. एवढं कर. तिथल्या लोकांना सांग, तिला मदर म्हणायचं. नुसतं पेटीफोर्ड म्हटलं तर ती ओ देत नाही.”