न आलेला आठवा भाग

यज्ञेश्वर गुरुजींची दुपार सिद्धवटाच्या घाटावर जायची. सकाळभर लोकांच्या मेलेल्यांना वाटेला लावायचं, आणि यजमान पांगले की वडाला टेकून पंच्याखाली दडवलेली किताब काढायची. थोडं पलीकडे भैरवगढचे छपाईवाले छापलेली ओली कापडं काठावर वाळत घालत. वारा आला की आडवी कापडं एका बाजूनं उठत, पुन्हा निजत. गुरुजी पानावरून मान वर करत, आणि पुस्तक कुठं संपलं, नदी कुठं सुरू झाली, हे त्यांना काही वेळ कळत नसे.

पुस्तकातही मेलेली माणसं उठत. एका शहराच्या पाण्याच्या टाकीत कुणी रोगाचे जंतू सोडले होते. पाणी प्यायलेले मरत आणि मग चालू लागत. जंतू बनवले होते डॉक्टर रायजादानं, विकलेही त्यानंच, आणि आता तोच ते आवरायला धावत होता. दारू प्यायचा, खोटं बोलायचा, ऐन वेळी पळून जायचा, आणि परत यायचा. त्याच्या जोडीची इन्स्पेक्टर कामिनी लाचखाऊ होती, पण गोळी झाडण्याआधी मुडद्याची माफी मागायची. गुरुजींना दोघंही फार आवडत. निर्दोष माणसं त्यांनी पोथ्यांत जन्मभर वाचली होती.

"दिवसभर मेलेल्यांत बसता, वर वाचताही तेच!" बायको मंगला म्हणायची. "आधी आंघोळ करा."

"अगं, यांना कुणी पाणी दिलं नाही, म्हणून उठलेत बिचारे."

"मग द्या की जाऊन."

सातव्या भागाच्या शेवटच्या पानावर, टाकीखालच्या हिरव्या उजेडात, डॉक्टरला एक मुडदा चावला. कामिनीनं पिस्तूल रोखलं. डॉक्टर म्हणाला, "सुबह तक रुको." खाली छापलं होतं, पुढचं आठव्या भागात.

गुरुजी आठवड्यातून दोनदा टावर चौकात गोपाळच्या लायब्ररीत चक्कर टाकू लागले. दुकानात आता किताबांपेक्षा व्हिडिओ कॅसेटी जास्त होत्या. श्राद्धपक्ष लागला त्या दिवशी गोपाळनं सांगून टाकलं, "आठवा नाही येणार, गुरुजी. प्रेसच बंद झाली. सगळे केबल बघतात, किताब कोण नेतं?"

"पण डॉक्टर?"

"कौन डॉक्टर?"

"त्याला चावलंय, गोपाळ."

"मग गेला समजा."

"समजा कसं? पहाट कुठं झालीय अजून?"

गोपाळ हसत सुटला. गुरुजी लूनावरून घरी आले ते रस्ता न बघताच.

सर्वपित्रीला, ज्यांचं कुणी नाही त्यांना पाणी देताना, त्यांनी भाताचा एक गोळा बाजूला वळला. डॉक्टरचं गोत्र माहीत नव्हतं. ज्यांचं कळत नाही त्यांचं काश्यप म्हणायचं, हे त्यांनी लोकांना हजारदा सांगितलेलं. हात पुढे झाला आणि थांबला. पिंड दिला की डॉक्टर मेला. न द्यावा, तर तो तिथंच, त्या हिरव्या उजेडात, रोखलेल्या पिस्तुलासमोर. गुरुजींनी तो गोळा मंत्र न म्हणता नदीतल्या कासवांना टाकला.

तेवढ्यात माधव नगरच्या अनसूयाबाई मुलाला, आल्हादला घेऊन पायऱ्या उतरल्या. बाईंचे पती तेरा वर्षांपूर्वी घरातून निघून गेले, ते परतले नव्हते. बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया उरकावी, असं गुरुजी गेल्या वर्षी त्यांना बजावून होते. आज पानं घेऊनच दोघं आली होती. अनसूयाबाईंच्या कपाळावर कुंकू होतं. आज बहुधा शेवटचं.

गुरुजींनी पानांना हात लावला नाही. "बाई, अजून वाट बघता?"

"वाट कसली," त्या नदीकडे बघत म्हणाल्या. "संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की उठते, एवढंच."

"मग यंदा राहू द्या."

"राहू द्या?" आल्हाद चिडला. "गुरुजी, मागच्या साली तुम्हीच तर पीछे पडला होतात!"

"मागच्या साली मी सहाव्या भागावर होतो."

"कसला भाग?"

वारा सुटला. काठावरची कापडं एकेक करून उठून बसली. अनसूयाबाई पानांचा जुडगा मांडीवर घेऊन पायरीवर टेकल्या, आणि त्यांच्या तोंडावर कितीतरी वर्षांनी उत्सुकता आली.

"तूही बस, बेटा," गुरुजी म्हणाले. "एक डॉक्टर आहे. चांगला माणूस नाही..."