बिनवासाची बाटली

कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली ठकी कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. रानभाजी कर्जतला नेऊन विकायची आणि लेकाला सांभाळायचं, एवढंच तिचं जगणं. लेक रोहिदास आणि शेजारच्या शकूचा वाघ्या, दोघे चौक गावात टेंपोवर लागले, रात्री जागायला म्हणून पावडर ओढायला शिकले आणि पार कामातून गेले. मेली ती पावडर!

कर्जतच्या व्यसनमुक्ती केंद्रात ऋजुता डॉक्टरीण आली. म्हणाली, "ही पोषणाची गोळी आहे. तिने पावडरीची ओढ कमी होते का, ते आम्ही बघतोय. काही बाटल्यांत खरी गोळी, काहींत नुसतं पीठ. कुणाला कुठली, ते मलाही ठाऊक नाही." घ्या! मरणाऱ्या पोराच्या आईला हे सांगायचं!

दोन्ही पोरं तयार झाली. शकू हसत म्हणाली, "माझ्या बाटलीला काय घाण मारतंय गं, नासकी अंडी जशी!" ठकीने आपली हुंगली. वासच नाही. औषधाला घाण वास असणारच, हे वाडीत शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे रोहिदासच्या वाट्याला नुसतं पीठ!

वाघ्या बाटलीही विकून येईल, म्हणून शकू ती सकाळी ठकीकडे ठेवून फार्महाऊसवर कामाला जायची, संध्याकाळी न्यायची. एका दुपारी ठकीने कडी लावली आणि इकडच्या गोळ्या तिकडे, तिकडच्या इकडे केल्या.

थोडे दिवस रोहिदास पोटभर जेवला. ठकी हरखून गेली. मग एका सकाळी घरातलं पातेलं नाही आणि रोहिदासही नाही. चौकच्या गॅरेजमागे पडलेला सापडला. आणि वाघ्या? तो तर मेलाच.

वाघ्याचे दिवस झाल्यावर शकू दारात आली. पदराखालून बाटली काढली.

"घे गं ठके. खरी बाटली माझ्याकडं आली, पण माझ्या पोराच्या नशिबात नव्हतं. वास उडालाय, पण औषध तेच हाय. रोहिदासला दे. एक तरी पोर वाचू दे."

ठकीने बाटली घेतली. खरी गोळी वाघ्याच्याच पोटात गेली असती, तर तो वाचला असता का? कुणाला विचारणार आता?

शकू उंबऱ्यात बसली. "माझ्यादेखत दे गं. मला बघू दे."

रोहिदास भिंतीकडे तोंड करून पडला होता. ठकीने पाणी आणलं, त्याची मान उचलली आणि ती पिठाची गोळी त्याच्या जिभेवर ठेवली.