नावांची फाईल मी पुसली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा बायकोला सांगणारच होतो – तोंड उघडलं, आणि "चहा टाक" एवढंच बाहेर आलं. ती चहा टाकायला गेली आणि विषय संपला.

तसा मी बोलका माणूस. धुळ्याला देवपुरात माझा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदनंतरची ती वर्षं – चार मशीन, एक प्रिंटर, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग, कारण आत धूळ गेली की मशीन बिघडतं अशी माझी पक्की समजूत. दिवसभर बडबड करायचो. पण हा विषय मनात आला की भलतंच काहीतरी बोलायला लागतो. बघा, आत्तासुद्धा चपलांवर बोलतोय ना मी?

नानांपासून सुरुवात करतो. दुसरीकडून करता येणारच नाही.

नाना निवृत्त मोजणीदार. जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या आणि साठी ओलांडल्यावर माझ्या क्लासात येऊन बसले. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी मला "सर" म्हणायचे, अहो-जाहो करायचे. पोरं हसायची. मीही हसायचो – कशाला खोटं बोलू? पण वर्षभरात हसू थांबलं. कुणीतरी पुण्याहून आणलेल्या सीडीवर नकाशे काढणारा एक परदेशी प्रोग्रॅम होता. फुकट, आणि सोर्स कोडसकट – म्हणजे तो ज्या ओळींनी लिहिलाय त्या सगळ्या ओळी उघड्या. नाना डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याची एकेक ओळ लावत बसले. मग त्यात स्वतःची भर घातली. जमिनीचा चढ-उतार भरला की पाणी कुठून वाहणार, बांध कुठं घालायचा, ते पडद्यावर दिसायला लागलं. पिंपळनेरकडच्या डोंगरातल्या गावांत पायी हिंडून ते त्यांनी पडताळून पाहिलं. मी बघतच राहिलो. या म्हाताऱ्यानं हे केलं?

त्या प्रोग्रॅमला एक अट होती, आणि ती समजून घ्या, कारण सगळं तिथंच आहे. वापरा, बदला, विकासुद्धा – पण ज्याला द्याल त्याला सोर्सही द्या, तुम्हाला मिळाली तीच मोकळीक त्यालाही द्या, आणि आधी काम केलेल्यांची नावं पुसू नका. बस्स. नानांना ती अट भारी आवडली. म्हणाले, "सर, ही तर विहिरीवरची रीत झाली. पाणी न्या, दोर तिथंच राहू द्या."

नावांची एक वेगळी फाईल होती. परदेशी माणसांच्या नावांखाली नानांनी आपलं नाव घातलं आणि त्याखाली त्यांच्याबरोबर डोंगर चढलेल्या एकूण एक माणसाचं. बुधीबाई – हिनं झरा दाखवला. सोमा – पूर कुठवर येतो ते यानं सांगितलं. अशी लांबलचक यादी. मी म्हटलं, नाना, यांनी कुठं कोडिंग केलंय? त्यावर ते चक्क चिडले. "यांनी सांगितलं नसतं तर मी लिहिणार काय होतो, कपाळ?"

आता जळगावचं. तिथं जमिनीच्या पाहणीची कामं घेणारी एक खाजगी फर्म होती. त्यांना नेमका असाच प्रोग्रॅम हवा होता, स्वतः वापरायला आणि पुढे इतरांना विकायला. मी नानांच्या फ्लॉपीवरून उतरवून घेतलेला दाखवला. तिथले साहेब खूश. पहिलाच प्रश्न – हे सगळं तुमचंच ना?

खरं सांगितलं असतं तरी मला तो विकता आला असता! अटीत विकायला मनाई नव्हती. फक्त सोर्स द्यायचा, नावं राहू द्यायची. पण सोर्स हातात पडला की यांना माझी गरज काय, हा किडा डोक्यात शिरला. आणि ती यादी साहेबाला कुठल्या तोंडानं दाखवू? तो हसला असता. मी म्हटलं, हो, माझंच. क्लासात परत आलो, भर दुपारी, पोरं समोर बसलेली असताना एक ओळ टाइप केली आणि ती फाईल उडवली. पडद्यावर माझं नाव टाकलं. सर्व हक्क राखीव. सगळं काम मी स्वतः केलं आहे, अशा कागदावर सहीही करून दिली आणि पैसे घेतले. एकदा तरी थांबलो का? नाही हो. तेच तर.

पुढं दोनेक वर्षांनी नाना एक कागद घेऊन धापा टाकत क्लासात आले. वकिलाची नोटीस. नानांनी तो प्रोग्रॅम डोंगरातल्या गावांच्या पाणी समित्यांना फ्लॉपीवर वाटला होता, सोर्ससकट. त्या फर्मच्या कुणी माणसानं तिकडच्या एका शाळेत तो चालताना पाहिला. तुम्ही आमच्या मालाची चोरी केली, असं नोटिशीत लिहिलेलं. मी उठून आधी दार लोटून घेतलं, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. आणि नाना? नाना हसत होते! म्हणाले, "त्यांनीही तीच परदेशी सीडी घेतली असणार. घेऊ द्या की, मोकळीकच आहे. फक्त आधीच्या लोकांची नावं ठेवायची राहिली असतील. सर, तुम्ही सोबत चला. तुमच्यासमोर लिहिलंय मी सगळं, तुम्ही सांगितलं की मिटलं."

मी गेलो त्यांच्याबरोबर जळगावला. एसटीनं, शेजारी बसून. पारोळ्याला गाडी थांबली तर त्यांनी माझ्यासाठी भजी आणली. ती मी खाल्ली. अख्ख्या रस्त्यात ते बोलत होते – कोणत्या गावानं नकाशा बघून बांधाची जागा बदलली, कुठल्या झऱ्याला मार्चपर्यंत पाणी राहिलं. सांगायला केवढा वेळ होता माझ्याकडे! एरंडोल आलं, गेलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

ऑफिसात साहेबांनी माझा सही केलेला कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे कुणाचं?" नानांनी मोठ्या विश्वासानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "माझं."

आजही मला धक्का बसतो तो या गोष्टीचा, की किती सहज निघालं ते. एक वाक्य, आणि नानांचा चेहरा पांढरा पडला. माणूस असा पांढरा पडतो हे मी ऐकून होतो, पाहिलं त्या दिवशी. दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाची कड धरली. मला कधी अरे-तुरे न केलेला तो माणूस, हलक्या आवाजात, घरच्या बोलीत म्हणाला, "बठ्ठं तुनं शे?"

सगळं तुझं आहे?

मी मान हलवली. हो.

नानांकडे मूळ सीडी होती, हातानं टिपलेल्या नोंदींच्या वह्या होत्या. भांडले असते तर माझीच अब्रू गेली असती. का भांडले नाहीत? मला माहीत नाही. त्यांनी साहेबांना एवढंच विचारलं, "केस माझ्या एकट्यावर होईल का?" साहेब म्हणाले, ज्यांच्याकडे फ्लॉपी आहे त्या सगळ्यांवर, समित्यांवरही. नानांनी टेबलाची कड सोडली. मग कागद मागितला.

माफीनामा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला, मोजणीच्या नकाशावर लिहावं तसा, एकही खाडाखोड नाही. "मी दुसऱ्याचा प्रोग्रॅम चोरून वाटला. सगळ्या फ्लॉप्या परत आणून देईन." आणि दिल्याही. गावोगाव फिरून, जिथं लोकांनी झरे दाखवले होते तिथं जाऊन, मी चोर आहे असं सांगत त्यांनी त्या गोळा केल्या. पण ते नंतर.

त्या दिवशी कागदाच्या खाली साक्षीदाराची सही हवी होती. खोलीत साहेब, नाना आणि मी. नानांनी पेन माझ्यापुढं धरलं.

मी सही केली.