सिस्टर आणि तर्काचा पेपर

सर्जिकल वॉर्डच्या सिस्टरना एकोणपन्नासावं लागलं आणि त्याच महिन्यात त्यांनी पदव्युत्तर नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. कुणाला विचारलं नाही. भरून झाल्यावर नवऱ्याच्या कानावर घातलं. तो बस चालवायचा, सकाळची पाळी संपवून नुकताच आला होता. बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "भरलास ना? मग आता पुस्तकं आणू."

तेवीस वर्षांत नव्या मुलींच्या कितीतरी तुकड्या सिस्टरच्या हाताखालून गेल्या होत्या. शीर कशी शोधायची, रडणाऱ्या नातेवाइकाशी काय बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. पण कॉलेजात शिकवायचं तर पुढची पदवी हवी. 'बघू पुढे' म्हणत वर्षं गेली. मुलगी नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली, तेव्हा बघू म्हणायला कारण उरलं नाही.

नर्सिंगच्या पेपराची त्यांना धास्ती नव्हती. घोडं पेंड खात होतं ते भाषा आणि तर्काच्या पेपरात. दुपारी जेवणं उरकली की नवरा पुस्तक घेऊन बसायचा आणि सिस्टर भांडी विसळत उत्तरं द्यायच्या.

"नर्सने पेशंटला झोपवले. प्रयोग कोणता?"

"कर्मणी."

"चूक. भावे." त्याने मागचं पान बघितलं. "क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, कर्माप्रमाणेही नाही. कुणाचंच ऐकत नाही."

"म्हणजे आमचे मोठे डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. त्यानंतर भावे प्रयोग त्या कधी चुकल्या नाहीत.

तर्काचं मात्र असं झालं नाही. एक उतारा आला: दवाखान्यात दोन डॉक्टर वाढवले, तरी रुग्णांना पूर्वीइतकंच थांबावं लागतं. यावरून नक्की काय म्हणता येईल? सिस्टरनी ठोकून दिलं, "पेशंट वाढले."

"तसं लिहिलेलं नाही. नुसते डॉक्टर वाढवून वेळ वाचेलच असं नाही, हे उत्तर आहे."

"अहो, वाढलेच असणार. आणि केसपेपरच्या खिडकीवर एकच माणूस बसवला असेल तर डॉक्टर काय करतील?"

"पण यात खिडकी कुठे आहे?"

"खिडकीशिवाय दवाखाना असतो का?"

त्या दिवशी विसातले नऊ बरोबर आले. सिस्टरनी पुस्तक कपाटावर टाकलं आणि तीन दिवस तिकडे बघितलं नाही. "डोकं गंजलंय माझं," त्या म्हणाल्या. "लेकीला सांगून टाका, आईने नाद सोडला म्हणून."

नवऱ्याने लेकीला काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी दोघं चादरीच्या घड्या घालत होती, तेव्हा त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला लिहून देतेस ना, त्यात काय असतं गं?"

"बघितलं ते. ताप किती, लघवी किती, पेशंट काय म्हणाला."

"आणि तुला वाटलं, याचं घरी भांडण झालंय, म्हणून झोप नाही?"

"छे. 'झोप लागली नाही', एवढंच लिहायचं. मागे एका मुलीने लिहिलं होतं, पेशंट घाबरलाय. मी खोडायला लावलं. म्हटलं, घाबरला हे तुला कुणी सांगितलं? हात थरथरत होते, नाडी एकशेवीस होती, तेवढं लिही. बाकीचं..."

सिस्टर थांबल्या. चादरीचं टोक त्यांच्या हातातच राहिलं. नवरा दुसरं टोक धरून उभा होता.

"काढा ते पुस्तक खाली," त्या म्हणाल्या.

मग प्रत्येक उतारा त्यांनी कुणा नवख्या मुलीने लिहून दिलेल्या नोंदीसारखा वाचायला घेतला. पर्यायावर बोट ठेवायच्या, उताऱ्यात ते सापडतंय का बघायच्या, सापडलं नाही की पेन्सिलीने काट. विसातले चौदा आले, मग सोळा. 'सर्व टेबले खुर्च्या आहेत' हे वाक्य मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. असली उदाहरणं सोडवायच्या, पण कपाळाला आठ्या घालून.

परीक्षेत वेळ पुरला नाही, तीन प्रश्न राहिले. पहिल्या यादीत नाव नव्हतं. दोन दिवसांत सिस्टरनी घरातली सगळी कपाटं लख्ख केली. नवरा जपून वागत होता.

दुसरी यादी लागली तेव्हा त्या ड्रेसिंगची ट्रॉली लावत होत्या. नाव होतं, खालून चौथं. त्यांनी नवऱ्याला फोन केला. तो शेवटच्या थांब्यावर गाडी लावून बसला होता.

"लागलं नाव," त्या म्हणाल्या.

पलीकडून नाक शिंकरल्याचं ऐकू आलं. "धूळ फार आहे इथे," तो म्हणाला.

कॉलेज सुरू झालं. लेकीच्या वयाच्या मुली पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हणून उठून उभ्या राहिल्या, आठवड्याभरात 'ताई' म्हणून वह्या मागू लागल्या. तर्काच्या पुस्तकाची गरज आता संपली होती, पण ते घरात दिसेना. एका सकाळी तास चालू असताना सिस्टरचा फोन थरथरला. नवऱ्याने उताऱ्याचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "कंडक्टर म्हणतो दुसरा पर्याय, मी म्हणतो चौथा. लवकर सांग, गाडी सुटायचीय."

सिस्टरनी बाकाखाली फोन धरून उतारा दोनदा वाचला आणि लिहिलं, "कंडक्टर बरोबर."