खाली बसवलेल्या गाडीचा खरखराट

त्या दिवशी मले भेव एकाच गोष्टीचं होतं. अंधार पडायच्या आत यांना ती लाल गाडी मोहर्लीले नेऊन द्यायची होती, अन् गाडीतून खर्र-खर्र आवाज येऊन राह्यला होता. भद्रावतीच्या पुढं रस्ता जंगलातून जाते. तिथी काई घासून टायर फाटला त मानसाले खाली उतरून, उकिडवं बसून चाक बदलावं लागते. अन् उकिडवा बसलेला मानूस वाघाले मानूस वाटत नाई, जनावर वाटते. मोहाफुलं वेचाले जानाऱ्या बाया आमच्या इथी हेच सांगतात.

हे म्हंजे माझा नवरा. माजरीले घरापुढंच टिनाच्या शेडमधी यांचं गॅरेज आहे. गाडी दोन दरवाज्यांची, स्पोर्ट कार म्हनतात तशी. तिचा मालक पहिले इथीच कोळशाच्या ट्रका चालवायचा, आता मोहर्लीले रिसॉर्ट टाकलं त्यानं. त्याले गाडी अजून खाली पाह्यजे होती. काऊन, त रुबाबदार दिसते म्हने. म्हनून यांनी जुन्या स्प्रिंगा काढून लहान्या टाकल्या अन् गाडी खाली बसली. सासू ओसरीतून पाहून राह्यली होती. म्हने, "एवढी जमिनीले चिकटवायची होती त चाकं तरी काऊन ठेवले?"

आवाज मोठा लबाड होता. येक चक्कर मारली त यायचा, दुसरी मारली त नाई यायचा. हे गाडीखाली घुसायचे, नट आवळायचे, चाकाच्या वरून हात फिरवायचे अन् म्हनायचे, "सगळं बराबर आहे, स्प्रिंगच खराब निघाली." मी आठवी शिकली. गाडीतलं मले काई समजत नाई. पन आवाज कुठून येते हे सापडल्याशिवाय मले चैन पडत नाई, लहानपनापासून तसंच आहे. माळ्यावर उंदीर कुरतडून राह्यला त मी पांघरुन टाकून त्याच्या मांगं जायची, भेत-भेत, पन जायची.

मी म्हनली, "अजी, आवाज येते तवा तुमी कोनीकडं वळत असता?"

"रस्ता जिकडं वळन तिकडं. अजून कुठी वळू?"

"तसं नाई. डावीकडं का उजवीकडं?"

यांनी पान्यानं हवेतच वळन काढून पाह्यलं. मंग म्हने, "डावीकडं. अन् ब्रेकरवर."

"अन् वाजते कोनत्या बाजूनं?"

"समोर बसून मले मांगचं काय समजते? तूच बस मांगं. तेवढंच वजन बी होईन."

झोपलेली पोरगी सासूच्या मांडीवर दिली अन् मी मांगं बसली. बसली काय, पडलीच. सीट एवढी खाली, की रस्त्यावर फतकल मारल्यावानी वाटे. कोळशाचा ट्रक बाजूनं गेला त त्याचं चाक माझ्या डोक्याच्या वर. मी डोळे मिटले अन् कान उघडे ठेवले. सरळ रस्त्यावर काई नाई. मंग यांनी डावीकडं वळवली अन् खर्रर्र! माझ्या उजव्या कुल्ल्याच्या मांगं, अगदी जवळ. अंगावर काटाच आला, पन त्या घडीले भेवापेक्षा मले मजा वाटली. सापडला! मी वरडली, "इथी! इथी! अजून येक डाव वळवा!"

हे म्हने, "झुल्यात बसली का तू?"

आता समजलं, की डावीकडं वळली की गाडी उजवीकडं झुकते, अन् मांगं कोनी बसलं असन त चाक हमखास वर कशाले तरी घासते. हे एकटे फिरवत म्हनून आवाज कवा यायचा, कवा नाई. पन घासते कशाले? वर हात फिरवला त सगळं येकसारखं टनक लागे. अन् दिसाले? टायर काळा, वरचं प्लास्टिक काळं, आतला अंधार काळा. काय दिसन?

यांच्या खिशात तंबाखूसोबतची चुन्याची डबी होती. मी मांगितली. हे म्हने, "आता तू खाशीन का?"

"टायरले लावाचा आहे."

ओला चुना टायरच्या काठाले बोटानं लावत गेली, हळद लावतात तशी. सासू हासली, "नवरदेव खाली बसला अन् उठत नाई, म्हनून हळद का?" पुन्हा बसलो, पुन्हा डावीकडं वळवली, खर्रर्र झालं, आलो. मोबाईलचा उजेड आत टाकला. वर येका फुगीर जागी पांढरा पट्टा उमटला होता.

यांनी खुरपीचं टोक लावलं अन् ती जागा पापडीवानी निघून आली. कोळसा! येवढे दिवस या रस्त्यावरचा कोळशाचा चिखल चाकानं वर उडवला, तो तिथी बसला, वाळला, दगड झाला. गाडी उंच होती तवा त्याचा चाकाशी संबंध नव्हता. खाली बसवली अन् चाक त्याले भेटलं. यांनी घंटाभर त्याच्यावरूनच हात फिरवला होता अन् त्याले गाडीचं प्लास्टिक समजले. आमच्या इथी सगळ्यावरच काळं बसलेलं असते, कोन पाहते?

मले वाटलं, सुटलो. पन मंग माझ्याच डोक्यात आलं, की मी त येकटी बसली होती, रिसॉर्टवाल्याचे पाव्हने बसतीन त? धानाचे दोन पोते मांगं टाकले अन् मी त्यायच्या मधात बसली. ब्रेकरवर पुन्हा घासलं. थोडंसंच, पन घासलं.

मंग स्प्रिंगच्या वर जाड रबर टाकून यांनी गाडी बोटभर वर घेतली अन् मालकाले फोन लावला. तो फोनवरच तापला, "मले खाली पाह्यजे होती, तू वर काऊन केली?"

हे म्हने, "भाऊ, वजनात टायर घासते. फाटला त जंगलात उतरून तुम्हालेच बदलावा लागन. उतरान का?"

मंग तो म्हने, "बरं, आन तशीच."

हे निघाले. मी म्हनली, फोन चालूच ठेवा अन् मांगच्या सीटवर ठेवा, मी ऐकीन. सासूनं कपाळाले हात लावला. पोरगीले पाजत-पाजत मी कान लावून बसली. हवेचा आवाज, खडीचा आवाज, येका ब्रेकरचा धप्प आवाज. खरखर नाई. जंगल लागलं अन् नेटवर्क गेलं. मंग ऐकाले काईच नाई राह्यलं त सगळं ऐकू याले लागलं. पाखरू वरडलं तरी मले टायर फाटल्यावानी वाटे. पोरगी दूध सोडून रडाले लागली, तवा समजलं, मी तिले घट्ट दाबून राह्यली आहे.

फोन वाजला तवा उजेड होता अजून.

"पोचलो. रस्त्यात गवा उभा होता, थांबा लागलं."

"थांबले तवा चाकाले हात लावून पाह्यला का? घासलं असन त येकच चाक गरम लागन."

"गवा समोर उभा अन् मी चाकाले हात लावू?"

"आता लावा. दोन्हीले."

हे बडबडले, पन पावलं वाजले.

"ऊनऊन आहे. दोन्ही सारखेच."

मी पोरगीले दुसऱ्या बाजूले घेतली अन् यांना इचारलं, गाडी त तिथीच राह्यली, मंग वापस कशानं येऊन राह्यले.