लिफ्ट बंद आहे

इस्पितळात सगळे त्याला मामा म्हणत. वॉर्डबॉय म्हणून लागला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. आता मिशी पिकली, तरी हुद्द्यातला ‘बॉय’ काही मोठा झाला नव्हता.

साथीच्या दिवसांत लिफ्ट बंद पडली आणि मामाने एका म्हातारीला दोन्ही हातांवर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. कुणीतरी फोटो काढला. तो मोठा होऊन फाटकावर लागला, खाली लाल अक्षरांत ‘आमचा योद्धा’. सुरुवातीला मामाची छाती फुगली, खोटं कशाला बोला! बायको तर भाजीलाही मुद्दाम त्या रस्त्याने जाई.

साथ ओसरली. लिफ्ट मात्र तशीच राहिली. कुणी तक्रार केली की कार्यालयाचं उत्तर ठरलेलं, “मामा आहेत ना!” स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडायचं, मग मामाला हाक. कंबर कुरकुरू लागली. रजा मागायला गेला, तर मोठे साहेब हसले. “योद्ध्याची कंबर दुखते होय? लोक काय म्हणतील!” मामा ओशाळून परतला. दुखतंय म्हणायचीही चोरी झाली.

पुढे सत्कार झाला. दोन शब्द बोला म्हणाले. मामा माइकपाशी गेला. “मी उचललं, कारण लिफ्ट बंद होती. ती अजून बंद आहे.”

सभागृह खो खो हसलं. केवढा साधा माणूस, म्हणत टाळ्या वाजल्या.

घरी कंबर शेकताना बायकोने विचारलं, “अहो, पण हसले कशाला?”

“त्यांना गंमत वाटली.”

“मग ठणकावून सांगायचं.”

“कुणाला गं? ऐकायला आलंय कोण!” मामाने कूस बदलली.

एका दुपारी एका स्थूल मास्तरांना खाली नेताना मामाच्या कमरेत कळ आली. दात आवळून त्याने मास्तरांना अलगद पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी टेकला, तो उठेचना. मागून येणारा मास्तरांचा मुलगा खेकसला, “फोटोतले तुम्हीच ना? मग असं मध्येच सोडता?”

“अरे, आधी त्याला पाणी दे,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डबॉय-आयांनी साफ सांगितलं, लिफ्ट सुरू होईपर्यंत जिन्यावरून कुणालाही उचलणार नाही. साहेबांनी सेवाधर्म काढला. तेव्हा मामाच्याच वॉर्डातली आया म्हणाली, “सेवा करतोच साहेब. पण मणके आम्हाला घरूनच आणावे लागतात.”

लवकरच मिस्त्री आला. एक भाग बदलला, लिफ्ट चालू.

कमरेचं तसं नव्हतं. बरेच दिवस अंथरुणात काढून मामा परतला, तेव्हा त्याला चादरींच्या खोलीत बसवलं. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या.

“करमतं का इथे, मामा?” आयाने डोकावून विचारलं.

मामाने हातातली घडी दाबून सपाट केली.

“बसायला स्टूल आहे,” तो म्हणाला.